‘आज नको’ म्हणणारा तांडेल शोधा

मालवणला गळ टाकायला जायचा प्लॅन शिजतोय? रॉड कुठला घ्यायचा हे नंतर बघू. आधी होडी आणि ती चालवणारा माणूस कसा निवडायचा, ते बोलू.

ग्रुपवर एक व्हिडिओ येतो. अमेरिकेतलं एखादं तळं, चकाचक चपटी बोट, मागे भलंमोठं इंजिन आणि बोटीच्या टोकावर उभा राहून बास मासा खेचणारा एक जण. पाठोपाठ मेसेज पडतो, ‘अरे, हे आपण मालवणला करू शकतो!’ दहा मिनिटांत तारीख ठरते, अर्ध्या तासात काँट्रिब्युशनही.

दोस्तांनो, करू शकता, नक्की करा. फक्त त्या व्हिडिओतल्या दोन गोष्टी मालवणला येताना घरी ठेवा. एक, ती चपटी बोट. दोन, तिच्या टोकावर उभं राहणं. ती बोट तळ्याच्या शांत पाण्यासाठी बनलेली असते. आपल्यासमोर अरबी समुद्र आहे.

आपला ‘बास’ कोणता?

अमेरिकेतला तो लार्जमाउथ बास गोड्या पाण्यातला. आपल्याकडे त्याच्या तोडीचा खेळाडू म्हणजे जिताडा, म्हणजेच एशियन सी बास. ऑस्ट्रेलियात त्याला बारामुंडी म्हणतात, रायगडात जिताडा, गोव्यात चोणक. खाडीत, कांदळवनाच्या मुळांच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि भक्ष्य टप्प्यात आलं की झडप घालतो. गळाला लागला की पाण्याबाहेर उसळी मारतो, आणि तुमची बोटं, दोरी आणि धीर या तिन्हींची परीक्षा बघतो.

त्याची एक गंमत लक्षात ठेवा. जिताडा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे फोटोत सगळ्यात भारी दिसणारा, चांगला मोठा जिताडा बहुधा पुढच्या पिढीची आई असते. फोटो काढा, पाण्याशेजारीच काढा, आणि शक्य असेल तर तिला परत सोडा. ही सवय लागली तर पुढच्या बॅचलाही मासा मिळेल.

खाडीत तांबोशी, काळुंदर आणि शेवटे असतात. खडकांच्या आसऱ्याला गोबरा सापडतो. बाहेर समुद्रात सुरमई आणि बांगडा. मालवणात गळाला ‘गरी’ म्हणतात आणि गळाने मासे पकडायला ‘गरवणं’. हा शब्द आणि हा छंद तिथे रॉड-रीलच्या खूप आधीपासून आहे. बंदरावर बसून नुसत्या दोरीने गरवणारे आजोबा दिसले तर पाच मिनिटं त्यांच्या शेजारी बसा. कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त शिकाल.

त्या दिवसाची आठवण

आता थोडं गंभीर. २४ मे २०२२ या दिवशी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंगहून परतणारी एक पर्यटक बोट उलटली. वीस पर्यटक तिच्यात होते. दोघांचा जीव गेला. तारीख पुन्हा वाचा. मे महिन्याची अखेर, म्हणजे समुद्र पावसाळ्याच्या तयारीला लागलेला असतो आणि सीझनचे शेवटचे दिवस म्हणून पर्यटकांचीही घाई असते.

अशा बातम्या वाचताना आपण ‘नशीब वाईट’ म्हणून पुढे जातो. पण समुद्रावरचे बरेचसे धोके पाण्यात शिरण्याआधी दिसत असतात. ते बघायचे कसे, एवढंच शिकायचं आहे.

होडी निवडताना

पहिल्यांदाच गरवायला जाणार असाल तर समुद्र विसरा. कर्ली किंवा कोळंबची खाडी गाठा. पाणी त्या मानाने शांत, किनारा दोन्ही बाजूंना जवळ, आणि जिताडा-तांबोशीही तिथलेच. हात बसला की मग बाहेरचा विचार करा. खाडीत मत्स्यपालनाचे पिंजरे दिसले तर त्यांच्यापासून लांब राहा. तो कुणाचा तरी वर्षभराचा पैसा पाण्यात उभा असतो.

होडी ठरवताना इंजिन किती हॉर्सपॉवरचं, हा प्रश्न शेवटी विचारा. आधी हे बघा.

परवाना. मासेमारीचा परवाना आणि प्रवासी नेण्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही पैसे देऊन बसताय, म्हणजे तुम्ही प्रवासी आहात. महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना आहे का आणि त्यात किती माणसांची मुभा आहे, हे विचारा. विचारायला लाजू नका. ज्याच्याकडे कागद आहे तो आनंदाने दाखवतो.

काठ. सगळे बसल्यावर होडीचा काठ पाण्यापासून किती वर राहतो, ते बघा. काठ पाण्याला टेकायला आला असेल तर दोघं उतरा. आठ जणांच्या ग्रुपला दोन होड्या लागत असतील तर दोन घ्या. वाचवलेले पैसे मोजायला किनाऱ्यावर परत यावं लागतं.

तळ. होडीच्या तळाला पाणी साचलंय का? थोडं असतंच, पण घोट्यापर्यंत असेल तर प्रश्न विचारा. साचलेलं पाणी होडी कलली की त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. पाणी उपसायला डबा किंवा पंप हवाच.

परतीची सोय. एकच आउटबोर्ड इंजिन असेल तर ते बंद पडल्यावर काय? वल्ही आहेत का? नांगर आहे का, आणि त्याची दोरी खोलीच्या निदान पाचपट लांब आहे का? नांगर नेहमी होडीच्या पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेला बांधायचा. मागे बांधला तर लाट थेट इंजिनाच्या बाजूने आत येते.

लाइफ जॅकेट. प्रत्येकाला एक, मापाचं, पट्टे आणि बकल धड असलेलं. ते अंगात हवं. सीटखाली ठेवलेलं किंवा उशी म्हणून वापरलेलं जॅकेट आणि घरी विसरलेलं जॅकेट यांत फरक नाही. होडी उलटते तेव्हा जॅकेट शोधून घालायला कुणालाच वेळ मिळत नाही. ‘मला पोहता येतं’ हे स्विमिंग टँकमधलं वाक्य आहे.

वारा आणि तिथी

शाळेत भूगोलात वाचलेले ‘खारे वारे’ आणि ‘मतलई वारे’ आठवतात? परीक्षेनंतर सोडून दिलेला तो धडा इथे कामाला येतो. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो मतलई. दिवस चढला की जमीन तापते आणि वारा समुद्राकडून येऊ लागतो. तो खारा. म्हणूनच हिवाळ्यातली सकाळ गरवायला सगळ्यात चांगली आणि दुपारनंतर समुद्र फेसाळायला लागतो. पहाटे निघा, दुपारच्या आत परत या.

सकाळच्या शांततेतही एक मेख आहे. मतलई वारा तुम्हाला हळूहळू बाहेर ढकलत असतो. किनाऱ्याजवळ पाणी आरशासारखं दिसतं, इंजिन बंद करून गरवत बसलं की कळतही नाही, आणि मान वर केल्यावर किनारा बारीक झालेला असतो. कयाक घेऊन एकट्याने जाणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवायचं.

भरती-ओहोटीसाठी कोकणात एक जुनं गणित आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, भरतीची अंदाजे वेळ मिळते. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे १५, त्याचं पाऊणपट सव्वा अकरा. म्हणजे पूर्ण भरती सव्वा अकराच्या आसपास, दिवसाही आणि रात्रीही. अष्टमीला सहाच्या सुमारास. चतुर्थीला तीनच्या सुमारास. हा अंदाज आहे, घड्याळ नव्हे, पण कॅलेंडर बघून प्लॅन करायला पुरेसा आहे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी जोरात वाहतं. अष्टमीच्या आसपास भांग असते, ओढ कमी. नवख्यांनी भांगेचे दिवस धरावेत.

याला आधुनिक जोड हवीच. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेचा लाटांच्या उंचीचा अंदाज, दोन्ही मोबाइलवर फुकट मिळतात. निघायच्या आदल्या रात्री आणि निघताना, असे दोनदा बघा. आकाश निळंशार असतानाही दूरच्या वादळाने उठवलेल्या लांबलचक लाटा आपल्या किनाऱ्यावर येऊ शकतात. नुसतं ढगांकडे बघून समुद्र कळत नाही.

संगमावर सावध

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. फोटोत ही जागा स्वर्ग दिसते. होडीवाल्यांना मात्र कुठल्याही नदीचं मुख म्हणजे सांभाळून ओलांडायची जागा. तिथे वाळू साचून पाणी उथळ होतं. ओहोटीला खाडीचं पाणी वेगाने बाहेर येतं आणि समोरून समुद्राची लाट आत घुसते. दोघं भिडले की लाट उभी राहते, आखूड होते आणि फुटते. तासाभरापूर्वी सहज पार केलेली जागा ओहोटी लागल्यावर वेगळीच होते. म्हणून बाहेर जाताना एकच प्रश्न विचारा, ‘काका, परत येताना पाणी कसं असेल?’ या प्रश्नाचं उत्तर जो लगेच आणि नीट देतो, तो माणूस तुमचा.

होडीत बसल्यावर

मासा लागला की सगळा ग्रुप एका बाजूला धावतो. नेमकं हेच करायचं नाही. गळ ज्याच्या हातात आहे तो बसून खेचेल, एक जण जाळीने मदत करेल, बाकीचे जागेवर बसतील. रील रॉडवरची असो की फोनवरची, होडीच्या काठावर उभं राहून कुठलीच फिरवायची नाही.

गळ मागून पुढे फेकताना मागे कोण आहे ते आधी बघा. डोळ्यांना चष्मा लावा, साधा गॉगलही चालेल. बारीक दोरी हाताला गुंडाळून मासा ओढू नका, ती सुरीसारखी कापते. शेंगटीचे काटे आणि पाकटाची शेपटी यांना हात लावू नका, मेलेल्या माशालाही नाही. आणि दारू? ती किनाऱ्यावरसुद्धा पोहणाऱ्याचा घात करते, होडीत तर विषयच नको.

उलटलीच होडी, तर तिला धरून राहा. किनारा जवळ वाटतो म्हणून पोहत सुटू नका. उलटी होडी लांबून दिसते, पाण्यातलं एकटं डोकं दिसत नाही. फोन वॉटरप्रूफ पाउचमध्ये गळ्यात ठेवा. भारतीय तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, आणि ११२ तर आहेच. किनाऱ्यावर एका माणसाला सांगून निघा. कुठल्या होडीतून, किती जण, कुठे आणि किती वाजता परत, हे त्याला माहीत हवं.

आपण पाहुणे आहोत

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र म्हणजे १९८७ साली जाहीर झालेलं मालवण सागरी अभयारण्य. सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. तिथे प्रवाळ आहेत आणि एक नांगर टाकला तरी ते मोडतात. कुठे गळ टाकायचा, कुठे नाही, हे वन विभागाकडून आणि स्थानिकांकडून आधी विचारून घ्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारीला बंदी असते, आणि पर्यटनाच्या होड्या साधारण मेअखेर ते ऑगस्टअखेर बंद असतात. या काळात कुणी ‘चला, गुपचूप नेतो’ म्हणाला तर तो तुमच्यावर उपकार करत नाहीये.

पाण्यावर तरंगणारे फ्लोट दिसले की खाली जाळं आहे असं समजा आणि वळसा घाला. तुमचा रविवार आहे, त्यांचा कामाचा दिवस आहे.

‘नको’ची किंमत

खरी अडचण मात्र समुद्रात नाही, आपल्या प्लॅनमध्ये असते. एकच दिवस हातात, परतीचं तिकीट रात्रीचं, ॲडव्हान्स दिलेला, आठ जण कसेबसे जमलेले. अशा वेळी तांडेल म्हणतो, ‘आज नको. वारो वाढतलो.’ आणि आपण म्हणतो, ‘काका, अर्धा तास तरी!’ आपण जास्त पैसे देऊ करतो. त्यालाही सीझनमध्येच वर्षाचं कमवायचं असतं. कधीकधी तो ‘हो’ म्हणतो. तो ‘हो’ आपण विकत घेतलेला असतो.

म्हणून ट्रिपमध्ये एक दिवस मोकळा ठेवा. ॲडव्हान्स देतानाच ठरवा की वारा असेल तर दुसऱ्या दिवशी जाऊ. ग्रुपमधल्या एकालाही भीती वाटली तर त्याला चिडवायचं नाही, तो किनाऱ्यावर थांबेल आणि परतीची वेळ सांभाळेल. आणि नाहीच जाता आलं, तर खाडीकाठी दोरी टाकून बसा, किंवा किनाऱ्यावर रापण ओढली जात असेल तर विचारून हात लावा. संध्याकाळी ताटात बांगडा येणारच आहे.

तेव्हा ग्रुपवर तारीख टाकाल तेव्हा तिच्याखाली आणखी एक ओळ आत्ताच टाइप करून ठेवा: ‘काका नको म्हणाले, तर नाही.’ आणि त्या ओळीवर आठही जणांचा अंगठा येईपर्यंत काँट्रिब्युशन मागू नका.