अकरावीचं कॉलेज ऑनलाइन शोधताना

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच विषय असतो, लेकीला अकरावीला कुठे घालायचं? पूर्वी कॉलेजात जाऊन फॉर्म आणायचा, रांग लावायची आणि यादी फळ्यावर लागायची वाट बघायची. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये हे काम बऱ्याच वर्षांपासून ऑनलाइन होतंय. 2025-26 पासून ते सगळ्या महाराष्ट्राला लागू झालं. म्हणजे मावळ, खेड, मुळशीतल्या गावांतल्या मुलींनाही आता त्याच संकेतस्थळावर कॉलेज शोधावं लागतं. पहिल्याच वर्षी तिथे नऊ हजारांहून जास्त कॉलेजं होती. त्यातून आपली जास्तीत जास्त दहा निवडायची. ती कशी शोधायची, तेवढंच आज आम्ही दापोडीच्या बाया सांगणार आहोत.

पैसे घेऊन फॉर्म भरून देणारे जागोजागी मिळतात. पण गावाकडे शेवटची गाडी किती वाजता आहे, घराला किती फी झेपेल, हे त्यांना माहीत नसतं. संगणकालाही ते कळत नाही. तो मुलीचे गुण, आरक्षण आणि आपण लिहिलेला क्रम बघतो आणि कॉलेज देतो. लांबचं कॉलेज लागलं, दोन महिने ये-जा केली, मग झेपेना म्हणून मुलगी घरी बसली, असं व्हायला नको. म्हणून शोधायच्या वेळी आईनं मुलीच्या शेजारी बसावं. इंग्रजी येत नसलं तरी बसावं.

शोधताना आधी जिल्हा आणि तालुका निवडायचा असतो. इथेच पहिली गफलत होते. आता यादी सगळ्या राज्याची आहे. खेड तालुका पुणे जिल्ह्यात आहे, तसाच रत्नागिरीतही आहे. आमची दापोडी आणि कोकणातलं दापोली यांत एका अक्षराचा फरक. चाकणच्या आसपासच्या मुलींनी जिल्हा पुणे, तालुका खेड हे दोन्ही नीट बघून घ्यावं. दुसरं म्हणजे, एकाच तालुक्यात शोधून थांबू नका. दापोडीहून हॅरिस पूल ओलांडला की बोपोडी आणि खडकी. चालत जाण्याजोगं अंतर, पण हद्द बदलते. फक्त पिंपरी-चिंचवडमध्ये शोधलं तर पुलापलीकडची कॉलेजं दिसायचीच नाहीत. चाकणच्या मुलीला भोसरी जवळ पडत असेल, तर तिनंही शेजारची हद्द उघडून बघावी.

मग शाखा आणि माध्यम. कला, वाणिज्य, विज्ञान यांतली शाखा मुलीला विचारूनच ठरवा. कॉलेजची नावं इंग्रजीत शोधताना स्पेलिंगवरून घोळ होतो. शिवाय आपण ज्या नावानं कॉलेज ओळखतो ते एक असतं आणि यादीत संस्थेचं लांबलचक नाव असतं. यावर उपाय म्हणजे यूडायस क्रमांक. प्रत्येक शाळेला आणि कनिष्ठ महाविद्यालयाला असा 11 आकडी क्रमांक असतो. त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे. महाराष्ट्राचा 27 आणि पुणे जिल्ह्याचा 25, म्हणून आपल्याकडचे क्रमांक 2725 ने सुरू होतात. कॉलेजात विचारून तो क्रमांक वहीत लिहून ठेवा. तो टाकला की नेमकं तेच कॉलेज समोर येतं.

आता फीची गोष्ट, आणि इथे सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं. एकच कॉलेज यादीत दोन-तीनदा दिसतं. ते चुकून झालेलं नसतं. त्या कॉलेजात एक तुकडी अनुदानित असते, दुसरी विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित असते. इमारत तीच, पण फीमध्ये मोठा फरक. अनुदानित तुकडीत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ आहे, बाकीची किरकोळ फी भरावी लागते. स्वयंअर्थसहाय्यित तुकडीत संस्था ठरवेल ती पूर्ण फी. म्हणून कॉलेजच्या नावापुढे तुकडीचा प्रकार काय लिहिलाय, ते वाचल्याशिवाय पसंती टाकू नका.

त्यानंतर जाण्यायेण्याचा हिशेब. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो. तो पीएमपीच्या बसला किंवा लोकलला चालत नाही. त्यामुळे एसटीच्या वाटेवरचं कॉलेज स्वस्त पडतं. तळेगाव, कामशेतकडच्या मुली लोकलनं दापोडी, खडकीपर्यंत येऊ शकतात. पण वर्ग सकाळी भरतो की दुपारी, आणि तो सुटल्यावर लोकल कितीला आहे, हे विचारून घ्या. निवडलेल्या कॉलेजात निदान एकदा मुलीबरोबर प्रत्यक्ष जाऊन या.

गुणांचा अंदाजही घ्यावा लागतो. मागच्या वर्षी कोणत्या कॉलेजात किती गुणांवर प्रवेश थांबला, तो आकडा बघायला मिळतो. राज्य मंडळाच्या मुलींचे सर्वांत चांगल्या पाच विषयांचे 500 पैकी गुण धरतात. समजा मुलीला 380 आहेत. मग मागच्या वर्षी 400 वर थांबलेली एक-दोन कॉलेजं लिहा, 380 च्या आसपासची चार-पाच लिहा आणि 350 च्या खालची दोन-तीन नक्की ठेवा. आपल्या प्रवर्गाचा आकडा वेगळा असतो, तो बघा.

पसंतीचा क्रम लावताना बऱ्याच जणींना वाटतं, की वरचं कॉलेज हुकलं तर खालचंही जाईल. तसं होत नाही. संगणक वरून खाली येतो आणि ज्या पहिल्या ठिकाणी गुण बसतील ते देतो. मात्र एक नियम पक्का लक्षात ठेवा. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं, तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांत मुलीला जागा मिळत नाही. दुसऱ्या ते दहाव्या पसंतीचं लागलं, तर घ्यायचं की पुढच्या फेरीची वाट बघायची, हे आपल्या हातात असतं. म्हणून पहिल्या क्रमांकावर नुसतं नाव मोठं आहे म्हणून कॉलेज लिहू नका. जिथे लेक रोज जाऊ शकेल आणि जिथली फी आपण भरू शकू, तेच लिहा.

मुलगी शिकते त्याच शाळेला जोडून कॉलेज असेल, तर इनहाऊस कोट्याच्या 10 टक्के जागा असतात, त्याचीही चौकशी करा. फॉर्मला घरातलाच मोबाईल नंबर द्या, कारण ओटीपी आणि निरोप त्यावरच येतात. पासवर्ड दुसऱ्याच्या वहीत राहू देऊ नका.

एक सुचवावंसं वाटतं. निकालाच्या आधी बचत गटाची एक बैठक यासाठीच घ्या. दहावीच्या सगळ्या मुलींना आणि त्यांच्या आयांना बोलवा. वहीत रकाने आखा: कॉलेज, यूडायस क्रमांक, शाखा, तुकडीचा प्रकार, फी, गाडीची वेळ, मागच्या वर्षीचे गुण. एका गावच्या मुलींची कॉलेजं बरीचशी सारखीच असतात, तेव्हा एकीनं काढलेली माहिती चौघींना उपयोगी पडते. शिवाय दोघी-तिघींना एकच कॉलेज लागलं, तर त्या सोबतीनं जातील-येतील. वही भरली की मग फॉर्म उघडा.