प्लाझ्मा आणि गणिताची जाळी

बडोद्याच्या हरणी भागातून अहमदाबादेची वाट धरून पुढे गेले असता गांधीनगरजवळ भाट येथे प्लाझ्मा संशोधन संस्था लागते. तेथे १९८९ साली ‘आदित्य’ हे टोकामॅक यंत्र कार्यान्वित झाले. त्याचा हेतू ऊर्जानिर्मिती नसून प्लाझ्माचा अभ्यास हा होय.

अणुगर्भांच्या संमीलनातून ऊर्जा मिळवावयाची तर वायू दहा कोटी अंशांहून अधिक तापवावा लागतो. त्यापुढे कोणतेही भांडे टिकणार नाही. म्हणून मेदूवड्याच्या आकाराच्या पोकळीत हा विद्युद्भारित वायू, म्हणजेच प्लाझ्मा, चुंबकीय क्षेत्राच्या आधारे भिंतींपासून दूर राखतात. त्याच्या वर्तनाचे गणित संगणकाकडून करवून घेताना पोकळीचे लहान लहान घरांत विभाजन करावे लागते. या घरांच्या रचनेस आम्ही जाळी म्हणतो.

ही जाळी आलेखाच्या कागदासारखी का नसावी, असे विद्यार्थी विचारील. प्लाझ्मातील उष्णता चुंबकीय रेषेच्या दिशेने अतिवेगाने धावते, आडवी मात्र अत्यंत मंद सरकते. हा फरक लक्षावधी पटींचा असू शकतो. जाळी या दिशेशी तिरकी असली, तर मोठ्या प्रवाहाच्या गणनेतील अल्पशी चूकही आडव्या गळतीसारखी भासते. दोष जाळीचा आणि आळ प्लाझ्मावर! म्हणून येथे ठिपक्यांच्या रांगोळीच्या उलट क्रम पाळतात: आधी चुंबकीय पृष्ठांच्या रेषा, मग त्यांवर ठिपके.

खरी अडचण पुढेच आहे. २०१६ मध्ये ‘आदित्य’चे नवे रूप सिद्ध झाले. कडेचा प्लाझ्मा ठरावीक पट्ट्यांकडे वळविणाऱ्या ‘डायव्हर्टर’ रचनेची सोय त्यात केली आहे. अशा रचनेत प्लाझ्माची सीमारेषा स्वतःलाच फुलीसारखी छेदते, आणि तेथे एका सलग जाळीने भागत नाही. अशी जाळी हाताने जुळविणे फार वेळखाऊ असते. त्यासाठी रचलेली आज्ञावली ती फुली शोधते, तिच्यातून निघणाऱ्या रेषांचा माग काढते, प्रदेशाचे तुकडे पाडते आणि प्रत्येकात घरे आखते. चुंबकांतील विद्युत्प्रवाह बदलला की क्षेत्राचा आकार बदलतो व जाळी पुन्हा आखावी लागते. स्वयंचलनाचे महत्त्व यातच आहे.

तथापि यंत्राने आखलेली जाळी तपासावी लागतेच. एखादे घर दुमडले नाही ना, अधिक बारीक जाळीवरही उत्तर तेच येते ना, हे पाहिल्यावाचून त्यावर विसंबता येत नाही. कारण पट्ट्यांवर किती उष्णता पडेल, आणि त्या ती सोसतील की वितळतील, याचा अंदाज याच उत्तरावरून बांधावयाचा असतो.