काटा खोटा की इंजिन तापले?

मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली बंद झाले. पण जुन्या गाडीवर धंदा करणाऱ्या वसई-विरारकरांना महामार्गावरच्या कोंडीत तापमानाचा काटा आजही धडकी भरवतो. आमचे सांगणे एवढेच, खर्चाआधी पारख करा. थंड इंजिनात चावी फिरवताच काटा थेट वर गेला, तर इंजिनावरील सेंडरची तार काढा. काटा उतरला तर सेंडर बिघडला. न उतरल्यास तार किंवा मीटर तपासा. काटा हळूहळू चढून फक्त कोंडीत तापत असेल, तर पंखा व त्याचा स्विच पाहा. मोकळ्या रस्त्यावर तापत असेल, तर रेडिएटर चोंदला असावा. वाफ दिसताच गाडी थांबवा, गरम झाकण उघडू नका. काट्याला खोटे ठरवून गाडी दामटली, तर हेड गॅस्केट जाते आणि कमाई गॅरेजात!