खाड्यांचा पट

मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका झाल्यावर हातातून पहिल्यांदा सुटतो तो खडू. दहावीचे मराठीचे चार तास मी हट्टाने स्वतःकडे ठेवलेत, बाकीचा आठवडा सह्यांत जातो. त्या सह्यांच्या निमित्ताने हजेरीपट समोर येतो. तो वाचता यायला लागला, ही माझी एवढ्या वर्षांची कमाई.

एकट्या खाड्यावरून काही कळत नाही, आजूबाजूचे बघावे लागतात. एकाच गावच्या पाच जणी नाहीत म्हणजे एसटी आली नाही. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास प्रत्येकीच्या दप्तरात आहे, पण गाडीच नसेल तर पास कुणाला दाखवणार? दर महिन्याला ठरावीक दोन-तीन दिवस खाडा असेल, तर पोरीला विचारण्याआधी स्वच्छतागृहातला नळ सोडून बघावा. दिवाळीनंतर सलग खाडे पडले की समजायचं, आई-बाप ऊसतोडीला गेलेत आणि धाकटी भावंडं हिच्या गळ्यात आहेत.

३ जानेवारीला पट भरलेला असतो. सावित्रीबाईंवर पोरी तावातावाने बोलतात, १८४८ सालचा भिडे वाडा सगळ्यांना तोंडपाठ. मी मार्चचा पट बघते. नववीतली, एरवी न चुकणारी पोर तेव्हा दिसेनाशी झाली की माझं पेन अडतं.

एकदा अडलं नव्हतं. वडील दाखला मागायला आले. “मामाच्या गावाला घालतो, बाई. तिथं शाळा दारातच हाय.” त्या दिवशी पगारबिलाची घाई होती. मी सही केली. जूनमध्ये मैत्रिणींकडून कळलं, पोर मामाकडे गेलीच नव्हती. तिचं लग्न झालं होतं. जनरल रजिस्टरात शाळा सोडण्याच्या कारणापुढे आजही माझ्याच अक्षरात आहे: ‘पालकांच्या विनंतीवरून’.

आता मी दाखल्याला वेळ लावते. मावशी पाणी देतात, चहा सांगतात. शाळा कोणती, तिथल्या सरांचा नंबर काय, असं बोलत बसते. कायद्यातली अठरा वर्षं आणि १०९८ हा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात आहे, खुर्ची मुद्दाम त्याच्यासमोर ठेवलीय. आणि शेवटी म्हणते, “पोरीला घेऊन या. वाचनालयाची पुस्तकं जमा व्हायचीत.”

परवा असेच एक जण लेकीला घेऊन आले. दोन पुस्तकं तिने टेबलावर ठेवली, कडा नीट जुळवल्या. वहीत तीन नोंदी होत्या.

“तिसरं?”

“घरी राहिलं, बाई.” वडिलांकडे न बघता ती म्हणाली, “शोधावं लागंल.”

मी तिच्या बापाला म्हटलं, “मग दादा, दाखलाही ते सापडल्यावरच. तोवर हिला रोज शाळेत पाठवा.”