‘ध’चा ‘मा’ कुणी केला?

बालमित्रांनो, वाक्प्रचार पाठ करणं सोपं. पण तो नेमका कुठं वापरायचा, हे कळायला जरा डोकं चालवावं लागतं. आज आपण ‘ध चा मा करणे’ घेऊ या.

गोष्ट पुण्याच्या शनिवारवाड्यातली. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून केला. असं सांगतात, की चुलते राघोबादादांचा लेखी हुकूम होता, ‘नारायणरावांस धरावे.’ पण राघोबांच्या पत्नी आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला आणि ‘धरावे’चं झालं ‘मारावे’! एका अक्षरापायी जीव गेला.

मग हा वाक्प्रचार वापरायचा कधी? शब्द बदललेला हवा आणि तोही मुद्दाम. शुद्धलेखनात ‘दिन’चं ‘दीन’ झालं, तर ती नुसती चूक. पण बाई म्हणाल्या, “सुमीचं अक्षर सुधारतंय,” आणि मधल्या सुट्टीत कुणी सुमीला सांगितलं, “बाई म्हणाल्या, तुझं अक्षर बिघडलंय,” तर त्यानं ध चा मा केला, बरं का!

आणि दोघांना एकमेकांचं बोलणंच कळलं नाही तर? आपलं हातकणंगले कर्नाटकाच्या सीमेजवळ. समजा, बाजारात एखादी आजी कानडीत कांद्याचा भाव विचारते आणि भाजीवाली मराठीत म्हणते, “सुट्टे हायत का?” दोघी बोलतायत, कळत कुणालाच नाही! पण यात लबाडी कुणाचीच नाही, म्हणून हा ध चा मा नव्हे. हाँगकाँगकडच्या कँटोनीज भाषेत याला गमतीदार वाक्प्रचार आहे: ‘कै थुंग आप कोंग’, म्हणजे कोंबडीचं बदकाशी बोलणं!

आता एक महत्त्वाचं. आनंदीबाईंनीच अक्षर बदललं, याचा पक्का पुरावा नाही. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून दोषी ठरवलं ते राघोबादादांना. तरी अडीचशे वर्षं लोक बोट दाखवतात ते आनंदीबाईंकडंच. वाक्प्रचार जरूर वापरा. पण त्यामागची गोष्ट खरीच आहे, असं धरून चालू नका.

वर्गातही तसंच. “ती तुला असं म्हणाली,” असं कुणी सांगितलं, तर रुसून बसण्याआधी तिलाच जाऊन विचारा. मधे कुठं ‘ध’चा ‘मा’ झाला असेल, तर लगेच सापडेल. आणि मैत्रीही वाचेल!