सोळाव्या वर्षी स्वतःची कादंबरी: घरच्यांनी काय करावं, काय टाळावं

मालवण, आचरा, विजयदुर्ग असो की बांदा-सावंतवाडी, हल्ली एक गोष्ट बऱ्याच घरांत दिसते. कॉलेजला जाणारी मुलगी किंवा मुलगा रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर काहीतरी टाइप करत बसतो. अब्बांना वाटतं चॅटिंग चाललंय, अम्मीला वाटतं अभ्यास. मग एक दिवस कळतं की पोर कादंबरी लिहितंय. आणि त्याच आठवड्यात त्याच्या मोबाइलवर जाहिरातही येते: 'अमुक हजार रुपये भरा, लेखक व्हा.'

अशा वेळी घरात दोनच सूर निघतात. एक म्हणतो, 'हे धंदे सोड, नीटची तयारी कर.' दुसरा कौतुकाच्या भरात लगेच आखातातल्या मामूकडून पैसे मागवतो. आमच्या मते दोन्ही घाईचे आहेत. स्वतःचं पुस्तक स्वतः काढणं आज खरोखर सोपं झालंय. कठीण आहे ते लिहिणं, लिहिलेलं पुन्हा पुन्हा सुधारणं आणि ते वाचकाच्या हातात पोचवणं. ही तीन कामं पैशाने विकत मिळत नाहीत. त्यांना घरच्यांचा वेळ लागतो.

लहान वयाचा इतिहास

लहान वयात लिहिणं मराठीला नवीन नाही. 1855 साली पुण्यात जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या 14 वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आज पावणेदोनशे वर्षांनीही तो वाचला जातो. आपल्या जिल्ह्यापुरतं बोलायचं तर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी 'दर्पण' हे पहिलं मराठी वृत्तपत्र सुरू केलं. तेव्हा त्यांचं वय होतं अवघं विशीच्या आसपास.

पण किशोरवयात कादंबरी लिहून ती घरच्या घरी छापण्याचं जगभर सांगितलं जाणारं उदाहरण अमेरिकेतलं आहे. त्या मुलाचं नाव ख्रिस्तोफर पाओलिनी. मोंटाना राज्यातल्या एका खेड्याकडच्या भागात राहणारं हे कुटुंब. मुलाचं शालेय शिक्षण घरीच झालं. पंधराव्या वर्षी त्याने 'एरागॉन' ही ड्रॅगनची कादंबरी लिहायला घेतली. पहिला खर्डा व्हायला साधारण वर्ष गेलं. वाचल्यावर त्यालाच तो पसंत पडला नाही, म्हणून दुसरं वर्ष पुन्हा लिहिण्यात गेलं. मग आईवडिलांनी ते हाती घेऊन दुरुस्त्या केल्या आणि 2002 साली घरच्याच छोट्या प्रकाशनातून पुस्तक काढलं. कव्हरचं आणि आतल्या नकाशाचं चित्र मुलाने स्वतः काढलं होतं.

पुस्तक छापलं म्हणून ते खपलं नाही. आईवडील त्याला गाडीत घालून शाळा, वाचनालयं, दुकानं असं गावोगाव फिरले. जुन्या जमान्याचा पोशाख घालून तो मुलांसमोर बोलायचा आणि टेबल मांडून प्रती विकायचा. असे 135 हून जास्त कार्यक्रम झाले. त्याच काळात कार्ल हायसन या प्रसिद्ध लेखकाच्या सावत्र मुलाने ते पुस्तक वाचलं, त्याला आवडलं, आणि हायसननी आपल्या प्रकाशकाला कळवलं. 2003 च्या ऑगस्टमध्ये क्नॉफ या मोठ्या प्रकाशनाने ते नव्याने काढलं. पुढे त्या मालिकेच्या कोट्यवधी प्रती खपल्या.

लोक ही गोष्ट सांगताना शेवट सांगतात, कोट्यवधी प्रती. पण आपल्या कामाचा आहे तो मधला भाग. तीन वर्षं मेहनत, एक अख्खा खर्डा बाजूला ठेवण्याची तयारी, आणि सोबत फिरणारं घर. नशिबाची गाठ पडली ती त्यानंतर.

लिहायचं काय, आणि कुठल्या भाषेत?

आपली मुलं बऱ्याचदा इथे अडतात. शाळा उर्दूची किंवा इंग्रजीची, घरात आपली कोकणी बोली, बाजारात मालवणी आणि पेपर मराठी. मग वाटतं, आपलं मराठी 'शुद्ध' नाही, आपण काय लिहिणार?

याच किनाऱ्याने याचं उत्तर देऊन ठेवलंय. आरवलीचे जयवंत दळवी, वेंगुर्ल्याकडचे चिं. त्र्यं. खानोलकर यांनी आपल्याच गावची माणसं मराठी साहित्यात आणली. मुसलमानांचं मराठीशी नातंही कालचं नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी काही शतकांपूर्वी मराठीत ग्रंथ लिहिले. डॉ. यू. म. पठाण 1990 साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. हमीद दलवाईंच्या विचारांशी आपल्यापैकी अनेकांचे तीव्र मतभेद आहेत, ते असोत. पण कोकणातल्या मुस्लिम घरांवरची त्यांची 'इंधन' ही कादंबरी 1965 साली आली, हेही खरं. त्यानंतर आपल्या घरांवर आपल्याच माणसांनी किती लिहिलं? खाडीकाठचा मोहल्ला, रापण ओढणारे हात, आखातातून येणाऱ्या फोनची वाट बघणारी बायकामाणसं, रमजानातली पहाट, शेजारच्या घरातून गणपतीत येणारे मोदक, हे सगळं लिहायचं बाकी आहे. आपण नाही लिहिलं तर दुसरे लिहितील, तेही ऐकीव.

म्हणून निवेदन साध्या मराठीत ठेवावं आणि संवाद घरच्या बोलीत. दादी जशी बोलते तशीच पुस्तकात बोलू द्यावी. एवढ्याने अर्धं काम होतं.

हिशोबही सोपा आहे. 40,000 शब्दांची कादंबरी म्हणजे पुस्तकाची साधारण 150-160 पानं. रोज 300 शब्द लिहिले तर 134 दिवस, म्हणजे साडेचार महिने. शाळा-कॉलेज सांभाळून होण्यासारखं आहे. मग महिनाभर ते बाजूला ठेवावं आणि नंतर सगळं मोठ्याने वाचावं. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य बदलावं. घरातलं कुणीतरी आणि शाळेतले मराठीचे सर किंवा बाई, असे किमान दोन वाचक हवेत. त्यांतला एक तरी 'छान आहे' एवढंच न म्हणणारा असावा.

छपाईत कुठे फसायला होतं

मुलं मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करतात. पण मराठीतले कितीतरी डीटीपीवाले अजून श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये काम करतात. एकातून दुसऱ्यात मजकूर नेताना जोडाक्षरं फुटतात, रफार सरकतो. 'खाऱ्या वाऱ्या'मधला 'ऱ्य' तर हमखास बिघडतो. कोकणातल्या कादंबरीत तो पानोपानी येणार! म्हणून डीटीपी झाल्यावर प्रूफ कागदावर मागा आणि मूळ मजकुराशी ओळीने ताडून बघा. मोबाइलवर पीडीएफ चाळून 'ओके' म्हणू नका.

ऑफसेट छपाईत प्लेट बनवण्याचा खर्च ठरलेला असतो, त्यामुळे थोड्या प्रती महाग पडतात. पहिल्या खेपेला डिजिटल पद्धतीने 50 किंवा 100 प्रती पुरे. 500 प्रतींचे गठ्ठे पलंगाखाली ठेवून पावसाळ्यात वाळवी लावून घेण्यात काही अर्थ नाही.

किंमत ठरवताना दुकानदाराची सूट धरा. समजा एका प्रतीला 120 रुपये खर्च आला आणि किंमत 200 ठेवली. दुकानाला 40 टक्के सूट दिली तर हातात येतात 120. नफा शून्य. तीच प्रत स्वतः विकली तर 80 रुपये सुटतात. म्हणून सुरुवातीची विक्री ओळखीपाळखीत, शाळेत, कार्यक्रमात करावी.

सही करण्याआधी

हा भाग पालकांनी नीट वाचावा. 18 वर्षांखालच्या मुलाने केलेला करार आपल्या कायद्यात धरला जात नाही, त्यामुळे सही पालकालाच करावी लागते. म्हणजे जबाबदारीही पालकाचीच.

आयएसबीएन हा पुस्तकाचा 13 आकडी क्रमांक. तो देते शिक्षण मंत्रालयाखालची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था. अर्ज ऑनलाइन होतो, लेखक स्वतः करू शकतो, आणि त्याला फी नाही. 'पॅकेज'मध्ये कुणी याचे वेगळे पैसे मागत असेल तर विचारा, कशाचे? शिवाय कंपनीने आपला क्रमांक लावला तर नोंदीत प्रकाशक म्हणून तिचं नाव येतं, तुमचं नाही.

कॉपीराइट लिहिल्या क्षणी लेखकाचा होतो, मग तो अल्पवयीन का असेना. नोंदणी ऐच्छिक आहे. 1957 च्या कायद्याप्रमाणे तो लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. करारात हक्क किती काळासाठी दिले हे लिहिलंच नसेल, तर कायदा ते पाच वर्षं धरतो. पण 'कायमस्वरूपी सर्व हक्क' असं लिहून घेतलं असेल तर तुम्ही स्वतःच्या हाताने सगळं देऊन बसलात. म्हणून चार गोष्टी तपासा: हक्क कोणते, किती वर्षांसाठी, रॉयल्टी छापील किमतीवर की 'निव्वळ उत्पन्ना'वर, आणि करार मोडायचा झाला तर कसा.

एक साधी कसोटी लक्षात ठेवा. प्रकाशक लेखकाला पैसे देतो. जो लेखकाकडून पैसे घेतो तो सेवा विकतो. सेवा विकणं गुन्हा नाही, पण मग गिऱ्हाइकासारखे तीन ठिकाणी भाव विचारा. 'तुमच्या मुलीची निवड झाली' या वाक्याने पाघळू नका.

ई-बुक काढायचं तर ॲमेझॉनच्या केडीपीवर मराठी पुस्तक चढवता येतं. त्याला पैसे लागत नाहीत, पण खातं सज्ञान माणसाचं लागतं. त्याआधी प्रतिलिपीसारख्या ॲपवर एखादी कथा टाकून वाचक काय म्हणतात ते बघता येतं. मजकूर एआयकडून लिहून घेण्याचा मोह मात्र टाळावा. दादीची बोली त्याला येत नाही, आणि केडीपीवर एआयचा मजकूर असेल तर तो तसा जाहीर करावा लागतो.

मुलीचं नाव छापायचं का?

हा प्रश्न आपल्या घरांत येतोच, आणि तो हसण्यावारी नेऊ नये. टोपणनावाने लिहिण्याची वाट आहे. खानोलकर कविता लिहायचे त्या 'आरती प्रभू' या नावाने. 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं ते 'विभावरी शिरूरकर' या नावाने, आणि त्यामागे मालतीबाई बेडेकर होत्या. टोपणनावाने हक्क जात नाहीत. पुस्तकावर घरचा पत्ता, मोबाइल नंबर देऊ नये. स्वतंत्र ईमेल पुरतो. मात्र हा निर्णय मुलीला विचारून घ्यावा. भीतीपोटी तिचं नाव झाकणं आणि तिने स्वतः पडद्याआड राहणं पसंत करणं, यात फरक आहे.

पुस्तक निघाल्यावर

1954 च्या कायद्यानुसार पुस्तक निघाल्यापासून 30 दिवसांत प्रकाशकाने, म्हणजे इथे तुम्हीच, चार प्रती स्वखर्चाने पाठवायच्या असतात: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईची एशियाटिक सोसायटी, चेन्नईचं कन्नेमरा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. बरेच जण हे टाळतात. टाळू नका. मालवणच्या मोहल्ल्यातल्या पोराची कादंबरी मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये जपून ठेवली जाणं ही लहान गोष्ट नाही. एकेक प्रत मालवणचं नगर वाचन मंदिर, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर आणि आपल्या शाळेलाही द्यावी. कोकण मराठी साहित्य परिषदेच्या स्थानिक मंडळींना भेटावं. कार्यक्रमाला बोलावलं तर जावं, आणि घरच्यांनी सोबत जावं.

शंभर प्रती संपायला वर्ष लागेल, कदाचित दोन. कुणी म्हणेल, एवढा खटाटोप करून मिळालं काय? मिळालं हे की सोळा-सतराव्या वर्षी पोराने एक काम सुरू करून शेवटाला नेलं, आपल्या माणसांची गजाल आपल्या भाषेत लिहून ठेवली, आणि करार वाचल्याशिवाय सही करायची नाही हेही शिकलं. दुसरं पुस्तक याहून बरं होईल. तोवर कुणी हजारो रुपयांचं पॅकेज घेऊन आलं तर त्याला चहा पाजा, करार वाचायला मागून घ्या, आणि आठवडाभराने उत्तर देऊ म्हणून सांगा.