काविळीचे नाव आणि हळदीचा रंग

वसमतच्या शिवारात हळद शिजवून, वाळवून, घासून बाजारास निघते, त्या दिवसांत या कामात गुंतलेल्या माणसांचे तळहात, नखे आणि वस्त्रे पिवळीजर्द होतात. परंतु त्यांच्या डोळ्यांतील पांढरा भाग पांढराच राहतो. काविळीत मात्र तोच पिवळा पडतो. साम्य दिसले की नाते मानावे, ही चूक या रोगाच्या नावाविषयी जर्मन भाषेत घडते, तशी त्याच्या कारणाविषयी आपल्या हिंगोली जिल्ह्यातही घडते.

गैरसमज : ‘गेल्बझुख्ट’ या जर्मन नावाचा अर्थ ‘पिवळ्याचा शोध’.

वस्तुस्थिती : ‘गेल्ब’ म्हणजे पिवळा; पण ‘झुख्ट’ हा शब्द ‘झूखन’, म्हणजे शोधणे, या क्रियापदाचा नव्हे, तर ‘झीख’, म्हणजे रोगी, या शब्दाच्या कुळातला आहे. पुढे एकट्या ‘झुख्ट’ला व्यसनाचा अर्थ चिकटल्यामुळे कानाची फसगत होते, वास्तविक समास सरळ आहे : पीतरोग. आपली ‘कावीळ’ही संस्कृत ‘कामला’पासून आली; कावळ्याशी तिचा संबंध नाही.

गैरसमज : काविळीच्या रोग्याने हळद खाल्ल्यास पिवळेपणा वाढतो.

वस्तुस्थिती : रक्तातील तांबड्या पेशी सुमारे 120 दिवसांनी नष्ट होतात, त्यांतून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य निर्माण होते, आणि यकृताकडून त्याचा निचरा झाला नाही म्हणजे ते अंगात साठते. स्वयंपाकातील चिमूटभर हळदीने त्यात भर पडत नाही.

गैरसमज : मांत्रिकाने चुन्याच्या पाण्यात हात धुतले व पाणी पिवळे झाले, म्हणजे कावीळ उतरली.

वस्तुस्थिती : बिलिरुबिन हातांवाटे बाहेर पडत नाही. हातांना आधी चोळलेल्या वनस्पतीच्या रसाचा चुन्याशी संयोग होऊन तो रंग येतो. निरोगी माणसाचे हात तसेच धुतले, तरी पाणी पिवळेच होईल.

याउलट, कानाला सर्वथा परके वाटणारे ‘गेल्ब’ आणि संस्कृतातील पीतवाचक ‘हरि’ हे शब्द भाषाशास्त्राच्या पुराव्याने एकाच प्राचीन धातूचे आहेत, आणि आपल्या हळदीचे मूळ नाव ‘हरिद्रा’ याच ‘हरि’शी जोडले जाते. नाते पुराव्यावरून ठरते, रंगरूपावरून नव्हे. म्हणून डोळे पिवळे दिसताच हळदीचा डबा दूर सारण्यात वा गंडेदोरे बांधण्यात दिवस न दवडता रोग्यास दवाखान्यात न्यावे, रक्त तपासून घ्यावे, आणि दूषित पाण्यातून ‘अ’ व ‘ई’ प्रकारची कावीळ पसरते हे जाणून घरचे पिण्याचे पाणी उकळावे.